कासवं नेमकी कोणाची? 'जुना वाचक' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

'जुना वाचक' या नावाने तुम्ही गेल्या लेखाखाली बरंच काही सुनावलं आहे. वेळ काढून, मुद्देसूद लिहिलंत, म्हणून उत्तरही तसंच द्यायला हवं. ज्यांनी तो लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लेख 'टीनेज म्युटंट निन्जा टर्टल्स'वर होता. दोन पोरांनी पदरमोड करून छापलेल्या कृष्णधवल कॉमिकचा पुढे मालिका, चित्रपट, खेळणी, व्हिडिओ गेम असा चाळीस वर्षांचा संसार कसा उभा राहिला, हे त्यात होतं. तुमचे आक्षेप तीन. हे यश कॉमिकचं नव्हेच, खेळणी विकणाऱ्या कंपनीचं आहे. दुसरं, त्या दोघांनी आपल्या कामाचा आत्मा पिझ्झा खाणाऱ्या कार्टूनपायी विकून टाकला. आणि तिसरं, बडोद्याच्या दांडिया बाजारात बसून अमेरिकन कासवांच्या आरत्या ओवाळण्यात आपल्या मुलांचा काय फायदा?

तिन्हींबद्दल माझं मत वेगळं आहे, आणि तिसऱ्याबद्दल तर फारच वेगळं.

खेळण्यांशिवाय ही कासवं घराघरांत पोचली नसती, हे कोणीच नाकारत नाही. पण खेळण्यांची कंपनी आली तेव्हा टेबलाच्या पलीकडे कोण बसलं होतं, हा माझ्या लेखाचा मुद्दा होता आणि तुम्ही नेमका तोच वगळलात. म्हणून क्रम पुन्हा मांडते.

नोव्हेंबर 1983. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधलं डोव्हर नावाचं लहानसं गाव. केविन ईस्टमनने पीटर लेअर्डला हसवायला म्हणून एक कासव काढलं. दोन पायांवर उभं, डोळ्यांवर फडकं, हातात नानचाकू, म्हणजे साखळीने जोडलेल्या दोन काठ्या. लेअर्डने त्यावर आपलं कासव काढलं, मग चार झाली, आणि 'निन्जा टर्टल' या शब्दांआधी 'टीनेज म्युटंट' जोडलं गेलं. त्यांच्या स्टुडिओचं नाव मिराज, म्हणजे मृगजळ, कारण स्टुडिओ असा नव्हताच. घरातल्या बैठकीच्या खोलीत काम चालायचं. करपरताव्याचे काही पैसे आणि ईस्टमनच्या काकांकडून उसने घेतलेले 1,000 डॉलर, एवढ्या भांडवलावर सुमारे 3,000 प्रती छापल्या. मे 1984 मध्ये पोर्ट्समथच्या एका छोट्या कॉमिक मेळाव्यात तो अंक विक्रीला ठेवला. किंमत दीड डॉलर.

तो अंक संग्रहात आजही मिळतो, जमल्यास जरूर बघा. कागद वर्तमानपत्री, आकार नेहमीच्या कॉमिकपेक्षा मोठा, करड्या छटांसाठी खास रसायनी कागद वापरलेला. रेषा कच्ची आहे, पण गल्लीतल्या मारामारीची पानं अशी रचली आहेत की डोळा आपोआप पुढे सरकतो. आणि शेवटाकडे श्रेडर, म्हणजे पुढची चाळीस वर्षं ज्याच्याशी झुंज चालू राहिली तो मुख्य खलनायक, पहिल्याच अंकात मरतो! ज्यांच्या डोक्यात खेळण्यांचा धंदा असतो ते पहिल्या अंकात खलनायकाला मारत नाहीत. दुसरा अंक निघेल असं त्यांना वाटलंच नव्हतं.

पण निघाला, कारण पहिला काही आठवड्यांत संपला आणि पुन्हा छापावा लागला. त्यांनी वर्तमानपत्रांना माहितीचं पाकीट पाठवलं होतं, त्यावरून बातमीही झाली. त्याहून मोठं कारण मात्र धंद्याच्या रचनेत होतं. अमेरिकेत सत्तरच्या दशकापासून फक्त कॉमिक विकणारी दुकानं वाढत होती. स्टॉलवरचा माल परतीच्या बोलीवर जायचा, आपल्याकडे दिवाळी अंक जातात तसा. कॉमिकच्या दुकानांना मात्र जास्त सूट मिळायची आणि न खपलेला माल परत करता येत नसे. दुकानदार आधी मागणी नोंदवायचा, तेवढंच छापायचं. ज्याच्या खिशात हजार डॉलरही स्वतःचे नाहीत, त्यालाही अशा बाजारात उतरता आलं. पुढे याच सोयीने घात केला. कासवांचं बघून हॅमस्टर काय नि कांगारू काय, जो तो प्राण्यांच्या हाती तलवारी देऊ लागला, दुकानांनी ढीग भरले, आणि 1987 च्या सुमारास तो सगळा कृष्णधवल फुगा फुटला. परत न करता येणाऱ्या गठ्ठ्यांखाली कित्येक दुकानं गेली. नकला गेल्या, कासवं राहिली. त्या वेळी खेळणी बाजारात आलेलीही नव्हती, हे लक्षात घ्या.

पात्रं वापरण्याच्या परवान्यांचा व्यवसाय करणारे मार्क फ्रीडमन या दोघांकडे आले ते याच काळात. मोठ्या खेळणी कंपन्यांनी नकार दिला. प्लेमेट्स ही तेव्हाची छोटी कंपनी तयार झाली, पण आधी टीव्हीवर मालिका हवी, या अटीवर. म्हणून डिसेंबर 1987 मध्ये पाच भागांची कार्टून मालिका आली आणि 1988 मध्ये खेळणी. या सगळ्यांना सही घ्यायला मिराजच्याच दारात यावं लागलं, कारण कासवांवर दुसऱ्या कोणाचा हक्कच नव्हता.

आता शेजारी सुपरमॅन ठेवून बघा. 1938 मध्ये त्याचे निर्माते जेरी सीगल आणि जो शुस्टर यांना पहिल्या कथेपोटी 130 डॉलर मिळाले आणि त्यासोबत सुपरमॅन त्यांच्या हातातून गेला, कायमचा. त्यावर साम्राज्यं उभी राहिली. 1975 मध्ये, बरीच ओरड झाल्यावर, म्हातारपणी दोघांना वर्षाला प्रत्येकी 20,000 डॉलर आणि श्रेयनामावलीत नाव मिळालं. प्रतिभा दोन्हीकडे होती. खेळणीवाले, सिनेमावाले दोन्हीकडे आले. फरक एका कागदाचा होता. तुम्ही म्हणता 'फुकटचं श्रेय'. मी म्हणते, स्वतः छापण्याची जोखीम घेतल्यामुळे जे हाती राहिलं, त्याचं श्रेय त्यांचंच.

आत्मा विकल्याबद्दल. मूळ कॉमिक रक्तबंबाळ होतं, मालिका मुलांसाठी गुळगुळीत केली, पिझ्झा आला, विनोद आले, हे सगळं बरोबर. पण मूळ कॉमिक म्हणजे काही गंभीर शोकांतिका नव्हती. ते उघड विडंबन होतं. फ्रँक मिलर या चित्रकथाकाराच्या 'डेअरडेव्हिल' या कॉमिकमध्ये 'हँड' नावाची टोळी आणि 'स्टिक' नावाचा गुरू, इकडे 'फूट' टोळी आणि 'स्प्लिंटर' नावाचा गुरू. ज्या अपघातात डेअरडेव्हिल आंधळा होतो, त्याच अपघातातला डबा पुढे गटारात जाऊन कासवांवर पडतो, असं सूचित केलेलं आहे. चार निन्जांना इटालियन प्रबोधनकाळातल्या कलावंतांची नावं देणाऱ्यांच्या कामात खट्याळपणा पहिल्या पानापासून होता. मालिकेने तोच वाढवला.

रंगांचंच घ्या. सुरुवातीच्या रंगीत मुखपृष्ठांवर चौघांचीही फडकी लाल असत. आत कृष्णधवल पानांवर कोण कोणता हे फक्त शस्त्रावरून ओळखायचं. निळा, लाल, जांभळा, नारिंगी हे वाटप मालिका-खेळण्यांच्या वेळी झालं. मला हा बदल चित्रकार म्हणून अत्यंत शहाणा वाटतो. पाच वर्षांचं मूलही दुरून सांगतं, तो मायकेलअँजेलो. पात्र असं नजरेत भरणं ही कमाई आहे.

त्या मालिकेचे 1987 ते 1996 मधले 193 भाग मलाही सगळे आवडत नाहीत. कित्येक भाग नवीन खेळणं दाखवण्यापुरते बेतलेले आहेत आणि ते जाणवतं. पण 1990 चा पहिला चित्रपट पाहा. मोठ्या स्टुडिओंनी हात वर केले म्हणून हाँगकाँगच्या गोल्डन हार्वेस्टने पैसा घातला, बाहुलीकार जिम हेन्सन यांच्या कार्यशाळेने पोशाख आणि मुखवटे केले. खर्च सुमारे 1.35 कोटी डॉलर, जगभरची कमाई 20 कोटींच्या वर. त्यात चौघांतला जखमी राफाएल, शेतावरच्या घरात लपून काढलेले दिवस, अंधारी न्यूयॉर्क, हे सगळं थेट कॉमिकमधून उचललेलं आहे. रंग मालिकेचे, हाडं कॉमिकची. आत्मा विकला असता तर सहा वर्षांनी तो असा पडद्यावर सापडला असता का?

आणि पैशाचं काय केलं, हेही तुमच्या प्रतिक्रियेत नाही. 1988 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थअँप्टन इथे स्कॉट मॅक्लाउड, डेव्ह सिम या चित्रकथाकारांसोबत बसून चित्रकथाकारांच्या हक्कांची सनद तयार झाली, तिथे हे दोघे होते. लेअर्डने 1992 मध्ये झेरिक फाउंडेशन काढून, स्वतःचं कॉमिक स्वतः छापू पाहणाऱ्या नवख्यांना अनुदानं दिली. ईस्टमनने टुंड्रा नावाची प्रकाशनसंस्था काढली, कलावंतांना उदार अटी दिल्या, आणि 1993 पर्यंत त्यात प्रचंड नुकसान सोसून ती बंद पडली. 2000 मध्ये त्याने आपला हिस्सा लेअर्डला विकला. 2009 मध्ये लेअर्डने सगळं व्हायाकॉम या माध्यम कंपनीला सुमारे 6 कोटी डॉलरला दिलं. विकलं, हो. पण त्या करारातही वर्षाला 18 अंकांपर्यंत जुन्या धर्तीचं कृष्णधवल कॉमिक काढायचा हक्क त्याने स्वतःकडे ठेवला. मला या सगळ्या कहाणीत सर्वांत जास्त आवडणारी गोष्ट तीच आहे. कोट्यवधींचा व्यवहार चालू असताना ज्याला आपल्या मूळ पानांची आठवण राहते, त्याने आत्मा विकला असं मी तरी म्हणणार नाही.

आता दांडिया बाजार.

बडोद्यात बसून हे लिहिण्याचा उपयोग काय, असं तुम्ही विचारता याचं मला खरंच वाईट वाटलं. चित्र आणि त्याची प्रत यांचं नातं या गावाइतकं कोणाला ठाऊक असायला हवं? सयाजीरावांनी लक्ष्मी विलास राजवाड्यासाठी राजा रविवर्म्यांकडून पौराणिक चित्रं करून घेतली. या चित्रांच्या रंगीत छापील प्रती काढा, म्हणजे सामान्य माणसाच्या घरी पोचतील, ही सूचना रविवर्म्यांना करणारे सर टी. माधवराव आपल्याच बडोद्याचे दिवाण राहिलेले, आणि तंजावरी मराठी कुळातले. 1894 मध्ये रविवर्म्यांनी मुंबईत स्वतःचा शिळाछापखाना काढला. त्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत गेल्या. पण छापखाना कर्जात बुडाला आणि अखेर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला, चित्रं छापण्याच्या हक्कांसकट. पुढे दिनदर्शिकांवर, काड्यापेट्यांवर त्या प्रतिमा दिसत राहिल्या आणि मूळ चित्रकाराच्या हाती त्यातलं काहीच आलं नाही. चित्र लाखो घरांत पोचणं आणि ते चित्रकाराचं राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बडोद्याला डोव्हरच्या कितीतरी आधी कळायला हवं होतं.

मी इथे बडोद्यातच, रावपुऱ्यात, चित्रकलेचे वर्ग घेते. माझी एक विद्यार्थिनी पुढे फाइन आर्ट्सला गेली. तिने एक पात्र तयार केलं, पाठीवर दप्तर आणि एक चप्पल तुटलेली अशी खारूताई. एका प्रकाशकाला ते बालपुस्तकासाठी फार आवडलं. त्याने दिलेला कागद घेऊन ती माझ्याकडे आली. एक पान, त्यात एक ओळ: 'सदर पात्राचे सर्व हक्क सर्व माध्यमांत कायमस्वरूपी प्रकाशकाकडे राहतील.' मोबदला एकरकमी, आणि तो एवढा की त्यात तिची रंगपेटीही आली नसती. आम्ही दोघींनी बसून ती ओळ बदलली, या एका पुस्तकापुरता, तीन वर्षांसाठी परवाना. प्रकाशकाने नंतर फोनच उचलला नाही. पुस्तक झालं नाही. खारूताई मात्र अजून तिची आहे, आणि आता ती छोट्या पुस्तिका स्वतः छापून मेळाव्यांत विकते. ती उद्या कासवांसारखी जगभर जाईल असं मी म्हणत नाही. जायची वेळ आली तर सही तिची लागेल.

म्हणून सांगते, आपल्याकडच्या मुलामुलींना हे माहीत हवं. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचं हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असावं लागतं. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच. 'कायमस्वरूपी' आणि 'सर्व जगात' हे शब्द कागदावर येतात ते यामुळेच, आणि सही करताना नजर तिथेच हवी. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून काढलेलं चित्र साधारणपणे मालकाचं होतं, वेगळं लिहून घेतलं नसेल तर. हक्क दिले तरी कर्ता म्हणून आपलं नाव सांगण्याचा अधिकार आपलाच राहतो. करपरतावा अमेरिकेतच मिळतो असं तुम्ही लिहिलंत. हक्कांची अशी जपणूक करायला परतावा लागत नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय की नातू सात वर्षांचा आहे आणि हट्ट धरून बसलाय, तर त्याला यातलं काय दाखवावं. मूळ कॉमिक नको, त्यात तलवारी खरोखर चालतात. तो बारा-तेराचा होईपर्यंत थांबा. जुन्या मालिकेचे सुरुवातीचे पाच भाग चालतील, आणि 2023 चा 'म्युटंट मेहेम' हा चित्रपटही, त्यातली चित्रशैली वहीच्या मागच्या पानावर पोरांनी रेघोट्या माराव्यात तशी मुद्दाम ठेवली आहे. तो बघून झाल्यावर त्याच्यासमोर कोरे कागद ठेवा. रविवारी सकाळी वर्ग असतो, घेऊन आलात तर आनंद होईल.