दुखतं म्हणणारी बाई खोटं बोलत नाही

गेले काही आठवडे ऐरोलीपासून घोडबंदर रोडपर्यंत सोसायट्यांच्या महिला ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार, कारण शेवटी प्रत्येकीने पॅप टेस्ट, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाच्या कर्करोगासाठीची तपासणी, करून घ्या असं आवाहन आहे. पण मधला मजकूर असा: ही तपासणी अजिबात दुखत नाही. बाळंतपण सोसलेल्या बाईला तर दुखायचा प्रश्नच येत नाही. तरीही दुखलंच, तर ती बाई घाबरट तरी आहे, नाहीतर आत गाठ तरी आहे. दातओठ खाऊन सोसायचं, दुसरा मार्ग नाही. आणि जिची पाळी गेलीय, जिला काही त्रास नाही, तिला याची गरजच नाही.

मी ठाण्यात एका स्त्रीरोगतज्ज्ञांकडे सिस्टर आहे. तपासणीच्या वेळी टेबलाशेजारी उभं राहून बाईचा हात धरणं हे माझं रोजचं काम. हा मेसेज वाचून आलेल्या बायका मी बघतेय, म्हणून हे लिहिते आहे.

पहिला दावा, अजिबात दुखत नाही. बऱ्याच जणींना खरंच दुखत नाही. आत थोडा दाब जाणवतो, अवघडल्यासारखं होतं आणि मिनिटभरात संपतं. पण सगळ्यांचं असं नसतं. तपासणीत आधी स्पेक्युलम नावाचं साधन योनीमार्गात घालून ते हळूहळू उघडतात, म्हणजे गर्भपिशवीचं तोंड दिसतं. मग छोट्या ब्रशने तिथल्या पेशी घेतात. ब्रशपेक्षा स्पेक्युलम उघडतानाच जास्त दुखतं, कारण तेव्हा योनीमार्गाच्या भिंती आणि ओटीपोटाचे स्नायू ताणले जातात. एंडोमेट्रिओसिस (गर्भपिशवीच्या अस्तरासारख्या पेशी पिशवीबाहेर वाढण्याचा आजार) असेल, पिशवी मागे झुकलेली असेल, आत संसर्ग असेल, किंवा काही शिरतंय म्हटल्यावर स्नायू आपोआप आवळले जात असतील, तर दुखू शकतं. ते आवळणं त्या बाईच्या हातात नसतं. नवऱ्याजवळ जातानाही जिला हाच त्रास होतो, तिला ‘सैल सोडा, सैल सोडा’ म्हणून ओरडल्याने काही सुटत नाही. आणि जिच्यावर आयुष्यात कधी जबरदस्ती झालीय, तिच्यासाठी पाय फाकवून झोपणं हीच मोठी गोष्ट असते. ती हे कुणाला सांगत नाही, नुसती गप्प पडून राहते.

दुखत नाही असं सांगून पाठवलेल्या बाईला दुखलं की तिला वाटतं, आपल्यातच काहीतरी खोट आहे. ती घरी जाते आणि परत येत नाही. या मेसेजने सगळ्यात मोठं नुकसान होतं ते हेच.

दुसरा दावा बाळंतपणाचा. याचा मला मनापासून राग येतो, कारण हे वाक्य घरातल्या सासूकडून, जावेकडून आणि कधीकधी आमच्यासारख्या स्टाफकडूनही ऐकावं लागतं. बाळंतपणात टाके पडले असतील तर ती जागा पुढे कित्येक वर्षं हुळहुळी राहू शकते. अंगावर पाजणाऱ्या बाईच्या शरीरात इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी असतं, त्यामुळे योनीमार्ग कोरडा असतो. जिची सगळी बाळंतपणं सिझरने झालीत, तिचं मूल त्या वाटेने आलेलंच नाही. आणि पाळी गेल्यावर तर इस्ट्रोजेन इतकं घटतं की आतली त्वचा पातळ आणि कोरडी होते. तिशीत सहज झालेली तपासणी पंचावन्नला झोंबते. मुलं किती झाली याने यात काही फरक पडत नाही.

आमच्याकडे कळव्याच्या एक काकू आल्या होत्या, वय साठीच्या आसपास. आधी दुसरीकडे कुठेतरी तपासणी झाली तेव्हा खूप दुखलं होतं, थोडं रक्तही आलं होतं. त्यानंतर अनेक वर्षं त्यांनी हे नावच काढलं नाही. मॅडमनी त्या दिवशी स्पेक्युलम हातातही घेतला नाही. नुसतं बोलल्या, आणि योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम काही आठवड्यांसाठी लिहून दिलं. काकू परत आल्या तेव्हा मी सगळ्यात लहान मापाचा स्पेक्युलम काढून नळाच्या कोमट पाण्याखाली धरला. त्यांना डाव्या कुशीवर झोपवलं, गुडघे पोटाशी. मी म्हटलं, “काकू, दुखलं की ‘थांबा’ म्हणा, मॅडम लगेच थांबतील.” त्यांनी एकदा म्हटलं आणि मॅडम खरंच थांबल्या. जिथे होता तिथेच हात, पुढे नाही. मग काकू स्वतःच म्हणाल्या, “हां, करा आता.” झालं. दुखलं का विचारलं तर म्हणाल्या, “थोडं. पण गेल्या वेळेसारखं नाही गं.”

असं क्रीम स्वतःच्या मनाने आणून लावू नका. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. आणि तपासणीच्या दोन दिवस आधी योनीमार्गात कुठलंही क्रीम वा गोळी नको, नाहीतर नमुना नीट येत नाही.

दुखलं म्हणजे आत गाठ, हा दावा चूक आणि घातकही आहे. गर्भपिशवीच्या तोंडाशी कर्करोगाआधीचे जे बदल होतात, ते मुळीच दुखत नाहीत. काही जाणवत नाही म्हणूनच तर तपासणी करायची. तपासताना दुखण्यावरून कर्करोग आहे किंवा नाही, काहीच कळत नाही. संबंधानंतर रक्त जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं, घाण वासाचं पाणी जाणं ही खरी काळजीची लक्षणं. यातलं काही असेल तर पुढच्या पॅपच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांकडे जा. तपासणीनंतर एखादा दिवस हलका डाग पडला तर घाबरू नका. जास्त रक्त गेलं किंवा ताप आला तर मात्र फोन करा.

आता ‘दुसरा मार्ग नाही’ याबद्दल. मार्ग पुष्कळ आहेत, पण ते मागावे लागतात आणि मागायची बायकांना लाज वाटते. अपॉइंटमेंट घेतानाच सांगा की मागच्या वेळी दुखलं होतं, थोडा जास्त वेळ ठेवा. लहान स्पेक्युलम मागा. थोडं पाण्यात विरघळणारं जेल लावायला सांगा, बेताचं लावलं तर नमुना बिघडत नाही. कमरेखाली उशी घ्या किंवा कुशीवर झोपू का विचारा. स्पेक्युलम स्वतःच्या हाताने आत घालू द्या असंही म्हणता येतं. काही जणींना त्याने फार फरक पडतो, कारण वेग त्यांच्या हातात राहतो. बहीण किंवा मैत्रीण सोबत आत येऊ दे म्हणा. आधी लघवीला जाऊन या. वेदनाशामक गोळी चालेल का ते विचारून तासभर आधी घ्या. आणि थांबा म्हटल्यावर थांबलं पाहिजे, हा तुमचा हक्क आहे. अर्धवट सोडून दुसऱ्या दिवशी आलात तरी काही बिघडत नाही.

शिवाय एचपीव्ही नावाच्या विषाणूची तपासणी आहे. गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग जवळजवळ नेहमी याच विषाणूच्या दीर्घ संसर्गातून होतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये पहिली पसंती याच तपासणीला दिली, आणि त्यासाठी बाईने स्वतः नमुना घेतला तरी चालतो. मऊ ब्रश किंवा कापसाची काडी योनीमार्गात थोडी आत घालून फिरवायची, स्पेक्युलम लागत नाही. ऑस्ट्रेलियात जुलै 2022 पासून तपासणीच्या वयातल्या सगळ्या बायकांना हा पर्याय खुला आहे. आपल्याकडे ही सोय सगळीकडे नाही, पण तुमच्या डॉक्टरांना किंवा लॅबला विचारून तर बघा. विषाणू सापडला तर पुढे डॉक्टरांकडून आतून तपासून घ्यावंच लागतं. नाही सापडला तर साधारण पाच वर्षं निश्चिंती.

राहिला पाळी गेलेल्यांचा मुद्दा. सरकारी कार्यक्रमात या कर्करोगासाठीची तपासणी 30 ते 65 वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी सांगितली आहे, पाळी गेल्यावर थांबा असं त्यात कुठेही नाही. आणि तपासणीने जीव वाचतात याचा आपल्याच राज्यातला पुरावा बघा. 1998 पासून टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये दहावी शिकलेल्या मुलींना प्रशिक्षण देऊन, गर्भपिशवीच्या तोंडाला ॲसिटिक ॲसिड (व्हिनेगरमध्ये असतं तेच) लावून नुसत्या डोळ्यांनी बघायची तपासणी करवली. 12 वर्षांत या कर्करोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, तो अभ्यास 2009 मध्ये छापून आला. तरी 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तिशी ते पन्नाशीतल्या शंभरांपैकी दोन बायकांचीसुद्धा कधी तपासणी झालेली नव्हती. देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कर्करोग होतो.

थांबायचं कधी, याची उत्तरं वेगळी आहेत. पासष्टीपर्यंत नियमित तपासण्या झाल्या असतील आणि सगळ्या नॉर्मल असतील, तर डॉक्टर पुढे गरज नाही म्हणतात. पिशवी काढलेल्या बायका तर मला रोज विचारतात. पिशवीबरोबर तोंडही काढलं असेल आणि कारण कर्करोगाचं किंवा त्याआधीच्या बदलांचं नसेल, तर बहुतेक जणींना तपासणी लागत नाही. पण काही ऑपरेशनमध्ये तोंड तसंच ठेवतात, आणि तेव्हा तपासणी चालूच ठेवावी लागते. हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं. येताना ते कार्ड घेऊन या. सापडलं नाही तरी या, आतून बघितल्यावर कळतं.