गरोदर बाईला फोनवर 'घरी सगळं ठीक ना?' एवढंच विचारू नका

कोरोनात गरोदर बायकांच्या कितीतरी तपासण्या फोनवर गेल्या. त्यात डॉक्टर-नर्सचा 'घरी सगळं ठीक ना?' हा प्रश्न ठरलेला, आणि 'हो, ठीक आहे' हे उत्तरही ठरलेलं. माझ्या मते हा प्रश्न न विचारल्यासारखाच. फोन स्पीकरवर असेल, मारणारा शेजारीच बसलेला असेल, तर ती दुसरं काय सांगणार?

घरातल्या हिंसेचा धोका काही उशिरा कळला नव्हता. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस गुटेरेस यांनी ५ एप्रिल २०२० लाच घराघरांत 'युद्धबंदी' करा असं आवाहन केलं होतं. तरीही गरोदर बाई रडते, झोपत नाही म्हटलं की 'साथीची भीती आहे', नाहीतर 'हार्मोन्स आहेत' म्हणून विषय मिटायचा. भीती होतीच. पण नैराश्याची चौकशी करायची आणि मारहाणीची करायची नाही, हे मला पटत नाही.

नैराश्यासाठी एडिनबर्ग प्रश्नावली आहे. गेल्या ७ दिवसांबद्दल १० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण. १३ किंवा जास्त गुण आले तर सविस्तर तपासणी हवीच. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे शून्याव्यतिरिक्त काहीही आलं तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी तिच्याशी बोलायचं. गुण जास्त आले की 'कशामुळे?' हे शोधताना हिंसेचा प्रश्न आलाच पाहिजे. रोज मार खाणाऱ्या बाईला फक्त झोपेची गोळी देऊन काय साधणार?

आता विचारायचं कसं. फोनवर आधी हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारा: 'तुम्ही एकट्या आहात का? फोन स्पीकरवर आहे का?' शंका आली तर हिंसेचा विषय काढूच नका. लोहाच्या गोळ्यांवर बोला आणि प्रत्यक्ष तपासणीला बोलवा. मोकळेपणी बोलता आलं तर मध्येच कोणी आल्यावर ती कोणता साधा शब्द म्हणेल, ते सुरुवातीलाच ठरवून घ्या. मेसेज पाठवू नका, तिचा फोन दुसरं कोणी बघत असतं.

दवाखान्यात प्रत्येकीशी थोडा वेळ एकटीशी बोलायचं, असा सरसकट नियमच ठेवा. वजन करताना, लघवीचा नमुना द्यायला गेल्यावर. नियम सगळ्यांना सारखा असला की नवऱ्याला संशय येत नाही. भाषेची अडचण असली तरी घरच्या माणसाला दुभाषी करू नका.

'हिंसा होते का?' या प्रश्नाला बऱ्याच जणी नाहीच म्हणतात, कारण चापट मारणं त्यांच्या लेखी हिंसेत बसतच नाही. नेमकं विचारा: गरोदर राहिल्यापासून कोणी ढकललं, मारलं, लाथ मारली? इच्छा नसताना संबंध ठेवायला लावले? घरात कोणाची भीती वाटते? साथीच्या काळात आणखी एक: 'दवाखान्यात गेलीस तर संसर्ग घेऊन येशील' असं म्हणून तपासणीला येऊ दिलं नाही का? ही काळजी वाटते, पण कधीकधी हा धाक असतो.

गळा दाबल्याचं तिने सांगितलं तर खूण नसली तरी तातडीने तपासणी करा. पुढे जिवाला धोका असल्याचं ते मोठं लक्षण आहे. पोटावर मार लागला असेल तर बाहेरून काही दिसत नसतानाही वार, म्हणजे प्लासेंटा, गर्भाशयापासून सुटू शकते. सहाव्या महिन्यानंतर अशा वेळी किमान ४ तास बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवावं लागतं. रक्तस्राव, पोट कडक होणं, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही असेल तर वेळ घालवू नका. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनची (बाळाच्या रक्ताविरुद्ध आईच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून देतात ते) गरज ७२ तासांच्या आत बघावी लागते.

आणि 'सोडून दे त्याला' हा सल्ला कृपा करून झटकन देऊ नका. घर सोडण्याचा काळ सर्वांत धोक्याचा असतो. आधी तयारी हवी: कागदपत्रं, तपासणीची फाइल, चालू औषधं, थोडे पैसे, चार्जर, किल्ली. हे सगळं घरात नको, विश्वासातल्या माणसाकडे ठेवायचं. भांडण पेटलं तर स्वयंपाकघर आणि बाथरूम टाळून बाहेर पडता येईल अशा बाजूला सरकायचं. नैराश्याची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करायची नाहीत.

फाइलचंही एक. ती तिच्याबरोबर घरी जाते. त्यामुळे तिने सांगितलेलं त्यात लिहू नका. नोंद दवाखान्याकडच्या कागदांतच ठेवा.