चिठ्ठ्या परत आणा

आज एका वादविवाद स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो आणि डोकं फिरवून घरी आलोय. आयोजक म्हणाले, यंदा बाजू ठरवायला चिठ्ठ्या नाहीत सर, ज्याला जी बाजू पटते ती त्याने घ्यायची, मागच्या वर्षी पालकांनी तक्रार केली की मुलांना मनाविरुद्ध बोलायला लावता. अरे मग वादविवाद कशाला म्हणता, वक्तृत्व म्हणा ना! एका बाजूला पोरांची ही रांग, दुसऱ्या बाजूला दोन मुली. सगळे तीच तीच वाक्यं फेकतायत आणि टाळ्या घेतायत.

माझ्या आजीचं माहेर कोयनेच्या पाण्याखाली गेलं. आमच्या घरात धरण हा शब्द शिवीसारखा. आणि कॉलेजात मला चिठ्ठी आली, 'मोठी धरणं हवीत', बाजू अनुकूल. सरांना म्हटलं बदलून द्या, ते म्हणाले तुलाच गरज आहे. घरी सांगितलं तर आजी "त्यांच्या बाजूनं बोलनार व्हय तू?" एवढंच म्हणाली आणि भाकरी थापत राहिली, माझ्याकडे बघितलं पण नाही.

तरी लायब्ररीत बसलो. तोवर मला एवढंच माहीत होतं की पाणी आलं आणि गाव गेलं. ते पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पोफळीच्या वीजघराकडे उतरतं, सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॅट वीज होते, संध्याकाळी मागणी एकदम वाढली की कोळशाच्या वीजसंचाला तासन्‌तास लागतात आणि पाण्यावरचा संच मिनिटांत सुरू होतो, हे सगळं मी त्या आठवड्यात वाचलं, राग राग करत वाचलं, कारण एकही मुद्दा खोडता येईना.

पण म्हणून मी धरणवाल्यांचा झालो का? अजिबात नाही. उलट आता नेमकं कुठे बोट ठेवायचं ते कळलं. वीज हवी होती ना, मान्य. मग एवढ्या मोलाच्या विजेच्या हिशोबात आमची जमीन आणि घरं का नव्हती? राज्यात पुनर्वसनाचा कायदा झाला १९७६ला, तोवर खोऱ्यातली माणसं उठून कधीच पांगली होती. नुसतं 'धरण नको' म्हणणाऱ्याला अधिकारी दोन मिनिटांत गप्प करतात हो, या प्रश्नाला मात्र त्यांना उत्तर द्यावंच लागतं.

हो, काही विषयांत कुणाला उलटी बाजू द्यायचीच नसते, ज्याच्या घराने अस्पृश्यता भोगली त्याला तिचं समर्थन करायला लावणं क्रूरपणा आहे. ठीक. पण शाळेतल्या मोबाईलबंदीवर पण तेच कारण सांगणार?

आणि परंपरेचा अभिमान म्हणून रोज स्टेटस ठेवणाऱ्यांनो, आपल्या शास्त्रकारांची पद्धतच होती ना, आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचं म्हणणं, मांडायचा, मग आपलं म्हणणं. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी 'सर्वदर्शनसंग्रह' या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथाची सुरुवात केली ती वेद आणि परलोक न मानणाऱ्या चार्वाकापासून, जो त्यांना अजिबात मान्य नव्हता, आणि मांडला असा की आज चार्वाक समजून घ्यायला आपण तेच प्रकरण उघडतो. विरोधकाचं म्हणणं असं सांगता यायला आधी ते ऐकून घ्यावं लागतं, ग्रुपमधून रिमूव्ह करून नाही जमत ते.

असो, फार चिडून लिहिलं. पोरांवर राग नाहीये, खरंच नाही, चुणचुणीत होती सगळी. त्या दोघींपैकी एक तर बोलताना थरथरत होती, तरी मुद्दा सोडला नाही तिने.

लिस्टमध्ये शिक्षक बरेच आहात. तुमच्याकडे स्पर्धा असेल तेव्हा चिठ्ठ्याच काढायला लावा. पालक भांडायला आले तर माझा नंबर द्या, मी बोलतो त्यांच्याशी.