कॉन्स्टान्झ नुसतं खरेदीचं गाव नाही

लेखात कॉन्स्टान्झची खरेदी स्वित्झर्लंडहून येऊन अर्ध्या दिवसात उरका म्हटलंय, ते वाचून राहवलं नाही. बोडेनसे सरोवराकाठचं हे जर्मन गाव सवडीने बघायचं आहे हो! बंदरावर इम्पेरिया नावाची 9 मीटर उंच स्त्रीमूर्ती स्वतःभोवती सावकाश फिरत असते. तिच्या तळहातांवर दोन उघडे पुरुष बसलेत, एकाच्या डोक्यावर मुकुट, दुसऱ्याच्या पोपची टोपी. इथे भरलेल्या 1414 ते 1418 च्या ख्रिस्ती धर्मपरिषदेची ही आठवण. तिथून काठाकाठाने शेजारच्या स्विस क्रॉइत्सलिंगेन गावाकडे चालत जा. सीमेवरचं कुंपण 2006 मध्येच काढलं, आता शिल्पांची रांग हीच सीमा. मला तीच जागा सगळ्यात आवडली. आणि युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्यांनो, व्हॅट परत हवा तर बिल 50 युरोंच्या वर हवं. फॉर्मवर जर्मन कस्टमचा शिक्का विसरू नका.