डोंगरी जिल्हा पुसायचाय? मग तोफा घरी ठेवा

एखादा डोंगरी जिल्हा नकाशावरून घालवायचा तुमचा विचार पक्का असेल, तर आधी खर्च आवरा. तोफांनी गावं पडतात, जिल्हा पडत नाही. खात्री हवी असेल तर आम्पेत्सो पाहा. डोलोमाइट डोंगरांत, इटलीच्या हद्दीला टेकून, ऑस्ट्रियाच्या तिरोलमध्ये 1868 साली हा जिल्हा उभा राहिला. पसारा केवढा, तर तीन गावं: कोर्तिनासह आम्पेत्सो, बुखेनश्टाइन आणि कोल्ले सांता लुचिया. वर एक बेझिर्क्सहाउप्टमान, आपल्याकडच्या प्रांताधिकाऱ्याच्या जातकुळीतला. मे 1915 च्या अखेरीस इटालियन फौजा कोर्तिनात शिरल्या. एप्रिल 1916 मध्ये त्यांनी कोल दी लाना शिखराच्या पोटात बोगदा खणून सुमारे 5 टन स्फोटकं उडवली. डोंगराचा माथा गेला, जिल्ह्याच्या हद्दीला ओरखडाही आला नाही. असले उद्योग हौशी मंडळींसाठी सोडा.

तयारी रकान्यापासून करा. इथले लोक लादिन बोलतात आणि लादिन ही स्वतंत्र भाषा आहे. जनगणनेत मात्र तिला ‘इटालियन-लादिन’ असा जोडरकाना द्या. हे पुण्यकर्म ऑस्ट्रियानेच करून ठेवलं होतं, त्यामुळे पुढच्या धन्याला ‘ही तर इटालियनची बोली’ म्हणायला जीभ फार वळवावी लागली नाही.

मग नावं. ज्या गावाला लादिन ‘फोदोम’ म्हणतात आणि जर्मन ‘बुखेनश्टाइन’, त्याला ‘लिविनालोंगो’ करा आणि मागे ‘देल कोल दी लाना’ जोडा, म्हणजे तुम्हीच उडवलेला डोंगर त्यांच्या पत्त्यावर कायमचा बसेल.

आता मुख्य शस्त्रक्रिया. हिला फक्त एक हुकूम लागतो. युद्धानंतर इटलीच्या पदरात पडलेल्या तिरोली मुलखाचा त्रेंतो हा एकच मोठा प्रांत केला गेला, आणि 1923 मध्ये ही तीन गावं त्यातून कापून व्हेनेतो प्रदेशातल्या बेल्लुनो प्रांताला चिकटवली गेली. कोणी कारण विचारलं तर पाणी दाखवा: कोर्तिनाची बोइते आणि फोदोमची कोर्देवोले, दोन्ही नद्या पियावेला मिळतात. इटलीने ऑस्ट्रियालगतची ब्रेनर खिंडीची सीमाही, पाणी जिथून दोन्हीकडे वाहतं त्या डोंगरधारेवरच मागितली होती, तेव्हा युक्तिवाद हाताशी तयार आहे. पुढे 1927 मध्ये बोल्झानो हा वेगळा प्रांत निघाला. लादिनांची गार्देना आणि बादिया खोरी तिकडे गेली, त्यांचंच फास्सा खोरं त्रेंतोत राहिलं, ही तीन गावं बेल्लुनोत. सेल्ला डोंगराभोवती बसलेल्या एका छोट्या समाजाच्या तीन प्रांतांत तीन फोडी. याहून बारीक चिरायला कांदाच हवा.

जपायची खरी गोष्ट पुढे आहे: माणसं कुठली, हे सोयीनुसार ठरवा. 1939 मध्ये हिटलर-मुसोलिनी समझोत्याने ‘जर्मनीत जा, नाहीतर इटालियन होऊन राहा’ असा पर्याय दिला, तेव्हा तो या तीन गावांनाही लागू केला. म्हणजे हाकलताना ती तिरोलची. 1948 मध्ये त्रेंतो-बोल्झानोला स्वायत्तता मिळाली, तेव्हा तीच गावं व्हेनेतोची. काम इतकं सफाईदार व्हायला हवं.

काही गोष्टी तरीही चिवट निघतात. आम्पेत्सोतली 11 ‘रेगोले’ घ्या: जंगल आणि कुरणं घराण्यांच्या सामाईक मालकीची, हक्क वंशपरंपरेने, जमीन विकता येत नाही. कचेरी हलवता येते, असलं रान हलवता येत नाही. दगडांचंही तेच. ‘जाऊ’ नावाच्या खिंडीजवळ कुरणाच्या भांडणातून शेजारच्या सान व्हितो गावाच्या लोकांनी 1753 मध्ये, एका बाजूची गुरं दुसरीकडे जाऊ नयेत म्हणून, रचलेली भिंत आजही चालणाऱ्याच्या वाटेत येते. म्हणून सल्ला असा, की हद्द दाखवायला दगड वापरूच नका. फाइल वापरा, तिला वाळवी लागते.

शेवटी लोक त्रेंतो-बोल्झानोच्या प्रदेशात परत जायचं म्हणतील. म्हणू द्या. इटलीच्या राज्यघटनेचं 132 वं कलम त्यासाठीच आहे. सार्वमत घ्यायचं, त्यात हजर मतदारांच्या नव्हे तर यादीवरच्या सगळ्या मतदारांच्या निम्म्यांहून अधिकांचा होकार लागतो. परदेशी पोटापाण्याला गेलेला, पण यादीवर असलेला मतदार घरी आला नाही, की तो आपोआप तुमच्या बाजूचा. इतकं करूनही ऑक्टोबर 2007 मध्ये या तिन्ही गावांनी मिळून होकाराचा डोंगर रचला. घाबरू नका. त्यानंतर दोन्ही प्रदेशांच्या परिषदांचं मत ऐकायचं असतं आणि रोममध्ये कायदा करायचा असतो. तो कधी करायचा याची मुदत कलमात नाही.

एखाद्या शेजाऱ्याला मात्र जाऊ द्या. बेल्लुनोतल्याच साप्पादाने 2008 मध्ये कौल दिला आणि 2017 च्या डिसेंबरात ते शेजारच्या फ्रिउली प्रदेशात गेलं. कोर्तिनावाले तक्रार घेऊन आले, की त्यांना साप्पादा दाखवायचं.