जुनी रेसकार 'ओरिजिनल' कशी करायची

तर तुम्ही ठरवलंय. अमेरिकेत शार्लटला घर घेऊन झालं, बँकेच्या आयटीतली नोकरी टिकली, पोरं कॉलेजला गेली आणि आता गॅरेजमधली दुसरी जागा रिकामी बघवत नाही म्हणून एक जुनी नॅसकारची, म्हणजे तिथल्या 'स्टॉक कार' रेसिंगची गाडी घ्यायची. छान. मूर्सव्हिल म्हणा, कॉन्कर्ड म्हणा, आजूबाजूला सगळीकडे रेस टीमची वर्कशॉप्स आहेत, गंजलेल्या चेसिस आहेत आणि त्यांच्याबद्दल गोष्टी सांगणारे म्हातारे तर त्याहून जास्त आहेत, त्यामुळे माल मिळेलच. फक्त कोणीतरी येऊन विचारणार की ही खरी का हो? त्याची तयारी आधी करा, गाडी नंतर घेतलीत तरी चालेल.

सगळ्यात आधी 'स्टॉक कार' म्हणजे शोरूममधून निघते तशी गाडी हे खूळ डोक्यातून काढा. तसा नियम होता म्हणा, १९४९ मध्ये. १९ जूनला शार्लटच्या मातीच्या ट्रॅकवर 'स्ट्रिक्टली स्टॉक'ची पहिली रेस झाली, ग्लेन डनवे १९४७ च्या फोर्डमध्ये पहिला आला, मग गाडी तपासली तर मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांशी खेळ केलेला निघाला. ही दारू वाहणाऱ्यांची जुनी युक्ती, डिकीत हातभट्टीचा माल ठासून भरला तरी गाडी मागून बसू नये आणि वळणावर पोलिसांच्या हाती लागू नये म्हणून. डनवे बाद, लिंकनवाला जिम रोपर विजेता. फोर्डचा मालक चिडून कोर्टात गेला तर कोर्टानेही त्याला परत पाठवलं. आता ज्या खेळात पहिल्याच रेसचा पहिला नंबर चेकिंगमध्ये उडाला, त्या खेळातल्या तुमच्या गाडीला कोणी 'ओरिजिनल आहे का' विचारत असेल तर त्याची कीव करा आणि विषय बदला.

गाडी निवडताना अगदी प्रसिद्ध विजयाच्या मागे लागू नका. नॅसकारचा दिग्गज ड्रायव्हर रिचर्ड पेटीने ४ जुलै १९८४ ला डेटोनाच्या ट्रॅकवर २०० वी रेस जिंकली ती पॉन्टिअॅक स्मिथसोनियन म्युझियमकडे आहे, त्यामुळे तेवढी एक सोडा. जिंकलेल्या गाड्यांचे फोटो सगळ्यांकडे असतात, लोक झूम करून वेल्डिंगच्या रेषा मोजत बसतात. आणि सतराव्या नंबरवर आलेल्याची गाडी घ्याल तर फोटो कोणाकडे नसतात पण भावही येत नाही. म्हणून मधला रस्ता: ड्रायव्हर मोठा घ्यायचा आणि गाडी त्याची 'बॅकअप' म्हणायची. नाहीतर 'टेस्ट कार'. टेस्टिंग बघायला प्रेक्षक नसतात, स्कोअरकार्ड नसतं, ड्रायव्हर बसला होता की नव्हता हे ड्रायव्हरलाही आठवत नाही. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये उभी राहून स्पॉन्सरचा साबण विकलेली शो कारसुद्धा थोड्या मेहनतीने टेस्ट कार होऊ शकते, नंबर आणि रंग तर तिच्यावर आधीच असतो.

आता चेसिस. सत्तर-ऐंशीच्या दशकातली गाडी म्हणजे पाइपचा सांगाडा आणि त्यावर ठोकलेला पत्रा. बॅन्जो मॅथ्यूजसारखे लोक आर्डनच्या वर्कशॉपमध्ये कोणालाही सांगाडा बनवून द्यायचे, त्यावर फोर्ड चढवायची की शेवरले हे गिऱ्हाईकाने ठरवायचं. खाली वाकून बघितलंत तर अजून मजा, शेवरलेच्या पोटाखाली फोर्डचा नऊ इंची रिअर एंड (मागचा अॅक्सल) आणि फोर्डच्या पोटाखाली शेवरलेच्या पिकअपचे ट्रक आर्म, म्हणजे अॅक्सल धरून ठेवणारे दांडे. मग हा सांगाडा एका सीझनला शेवरलेची शेवेल म्हणून धावणार, भिंतीला घासणार, पुढच्या सीझनला त्यावर दुसरा पत्रा, मग छोट्या टीमला विकला, त्यांनी पुढचा भाग कापून नवीन जोडला, मग गावच्या अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर आठवडी रेस, आणि शेवटी कोणाच्या तरी शेडमागे गवतात. तुम्हाला मिळणार तो गवतातला. आपल्याकडे पेठेतला वाडा पाडून सात मजली बिल्डिंग उभी करतात आणि गेटवर परत 'अमुक वाडा' अशी संगमरवरी पाटी लावतात, तसंच करायचं, फक्त उलट दिशेने, नव्याचं जुनं.

अजून एक सोय म्हणजे कारखान्यातून आलेल्या गाडीला सरकारी व्हीआयएन, म्हणजे ओळख नंबर असतो आणि तो खोडून दुसरा लावला तर अमेरिकेत केंद्रीय गुन्हा होतो. पाइपच्या सांगाड्याला कारखान्याचा व्हीआयएन नसतोच. बनवणाऱ्याने कुठेतरी ठोकलेला नंबर असला तर असला, नसला तर 'त्या काळी कोण ठोकत बसायचं' हे वाक्य पाठ करून ठेवा.

थोडी तारखांची काळजी मात्र घ्या, लोक इथेच उघडे पडतात. १९६९ ची म्हणून सांगताय आणि ड्रायव्हरच्या खिडकीला जाळी? ती जाळी १९७० मध्ये डार्लिंग्टनला पेटीची गाडी उलटीपालटी झाली आणि त्याचा हात बाहेर लोंबकळताना सगळ्यांनी बघितला त्यानंतर आली. १९६३ ची गाडी आणि मागे फ्युएल सेल, म्हणजे आत रबरी पिशवी असलेली पेट्रोलची टाकी? १९६४ मध्ये शार्लटला ड्रायव्हर फायरबॉल रॉबर्ट्स भाजला आणि जुलैमध्ये गेला, त्यानंतर हे सेल आले. विंटेज रेसिंगवाले आज फ्युएल सेलशिवाय ट्रॅकवर सोडत नाहीत हे खरं, आणि त्यात वाईट काही नाही, माणूस जिवंत राहणं ओरिजिनलपेक्षा बरं. पण १९६९ च्या गाडीवर विन्स्टनचा स्टिकर? सिगारेटवाले आले १९७१ ला. पेटीच्या निळ्याला एसटीपी या स्पॉन्सरचा लाल लागला १९७२ ला. आणि १९८५ च्या गाडीच्या छतावर फ्लॅप (गाडी हवेत उडू नये म्हणून उघडणाऱ्या झडपा) दिसले तर घाबरू नका, फ्लॅप १९९४ चे आहेत, म्हणायचं गाडीची कारकीर्द लांबलचक होती.

रंगाबाबत माझा सल्ला एकच, त्या काळात दिला त्यापेक्षा दहापट चांगला द्या. तेव्हा रंग शनिवारी रात्री मारायचे, नंबर साइनबोर्ड रंगवणारा माणूस ब्रशने काढायचा, त्यात एका बाजूचा ३ दुसऱ्या बाजूच्या ३ पेक्षा जाड व्हायचा. हे सगळं घासून काढा. कॉम्प्युटरवर कापलेलं व्हिनाइल लावा, वर क्लिअर कोटचे थर द्या, दारात स्वतःचा चेहरा दिसला पाहिजे. भिंतीला घासल्याचे डाग, फेंडरवर दुसऱ्याच्या टायरचा काळा गोल, घाईत मारलेलं वेल्डिंग, म्हणजे गाडी खरंच रेसला होती याचा जो काय पुरावा होता तेवढा नेमका सँडिंगमध्ये घालवायचा आणि मग ती रेसला होती याचं सर्टिफिकेट मिळवायला पैसे खर्च करायचे. डेटोना ५०० जिंकलेली गाडी हल्ली वर्षभर तिथेच ठेवतात, चेपलेली, मळलेली, कागदाच्या चकाकत्या तुकड्यांसकट. ती बघायला जा, पण शिकू नका काही.

आणि कोणी अगदीच 'जशी होती तशी' हा हट्ट धरला तर त्याला म्हणा, मग लांड्यालबाड्यापण रिस्टोर कर ना. फ्रेमच्या नळीत शिशाचे छर्रे भर, वजनकाट्यावर गाडी नियमात बसू दे आणि ट्रॅकवर गेल्यावर झाकण उघडून सोडून दे, असे प्रकार चालायचे. गाड्या बनवणाऱ्या स्मोकी युनिकची १३ नंबरची शेवेल आठवा, १९६७ च्या डेटोना ५०० ला ड्रायव्हर कर्टिस टर्नरने तिच्यात पोल (सुरुवातीची पहिली जागा) घेतली, ताशी १८० मैलांच्या वर. १९६८ ला स्मोकी दुसरी घेऊन आला तर इन्स्पेक्टरांनी नऊ चुका काढल्या म्हणे, टाकीपण काढून ठेवली होती म्हणे, तर हा गडी 'दहा करा' म्हणून टाकीशिवाय गाडी चालू करून निघून गेला म्हणे. तीनदा 'म्हणे' लिहिलं कारण ही दंतकथा आहे, आणि दंतकथा गाडीच्या किमतीत धरतात हे तुम्हाला कळावं. आता अशा गाडीची लांब जाड पेट्रोलची नळी, जी नळी कमी आणि दुसरी टाकी जास्त होती, ती बसवायची की नियमातली? नियमातली बसवली तर गाडी खोटी.

रस्त्यावरच्या गाड्या सोप्या वाटतील, तसं नाही. १९७० ला प्लिमथ सुपरबर्ड रेसमध्ये उतरवायची तर दर दोन डीलरमागे एक गाडी बनवायची असा नियम होता, म्हणजे रेसची गाडी 'स्टॉक' ठरावी म्हणून लोकांना रेसची गाडी विकायची. उंच शेपटी आणि लांब नाक बघून गिऱ्हाईक पळालं, काही डीलरांनी नाक-शेपूट काढून ती साधी रोड रनर म्हणून खपवली. २०२२ मध्ये लिलावात हेमी इंजिनवाली एक सुपरबर्ड १६ लाख ५० हजार डॉलरला गेली, त्यामुळे आता साध्या रोड रनरांना नाकं आणि शेपट्या फुटतायत.

अगदीच अंगाशी आलं तर इंग्लंडचं उदाहरण द्या. फ्रान्समधली ल मान्सची रेस १९२९ आणि १९३० ला जिंकलेली बेंटली 'ओल्ड नंबर वन', १९९० मध्ये लंडनच्या कोर्टात. सौदा एक कोटी पौंडांचा, घेणारा म्हणाला ही ती नाहीच, इतकं बदललंय की जिंकलेल्या गाडीतलं उरलंय काय. न्यायाधीशांनी सगळं तपासलं, बदल झाल्याचं मान्य केलं, आणि तरी सांगितलं की गाडी तीच, कारण ती बदलत गेली पण मध्ये कधी तुटली नाही. खरं सांगू, मला तो निकाल पटतो. पण तो लागू व्हायला गाडी सलग कोणाच्या तरी नजरेसमोर असावी लागते, शेडमागच्या गवतातली पंधरा वर्षं त्यात बसत नाहीत. हे समोरच्याला सांगायची गरज नाही.

काही वेडे लोक पाटी लावतात: 'ट्रिब्यूट कार, चेसिस अमुक वर्षाची, पत्रा नवीन, इंजिन दुसरं.' लोक वाचतात, खूश होतात, मालकाशी तासभर बोलतात. त्यांना भाव मिळत नाही, झोप मात्र लागते. तुम्हाला फाईल बनवायचीय. जाडजूड करा. जुन्या रेसचे प्रोग्रॅम, कुठल्याही निळ्या गाडीचे धूसर फोटो, आधीच्या मालकाच्या मेव्हण्याचं हाताने लिहिलेलं पत्र. वजन महत्त्वाचं, कोणी वाचत नाही.

आणि शोला गाडी लावलीत की दुपारी एक म्हातारा येईल, टीमची टोपी घातलेला, हाताला ग्रीसचे कायमचे डाग. तो बोलणार नाही, वाकून फायरवॉलच्या (इंजिन आणि ड्रायव्हरमधल्या पत्र्याच्या) मागे बघेल, एक वेल्ड बोटाने चाचपेल आणि म्हणेल, ही आमची नाही, मी असं वेल्ड कधी मारलं नाही. वाद घालू नका. खुर्ची द्या, थंड काहीतरी द्या, गाडीच्या बाजूला उभं करून फोटो काढा, खाली लिहा 'मूळ मेकॅनिक गाडीची पाहणी करताना', तारीख टाका, आणि फाईलमध्ये पहिल्या पानावर लावा.