भिंत उचलली, पहारेकरी मागेच राहिले

कल्पित राज्ये उभारताना खऱ्या संस्कृतींकडून उसनवारी करावी की नाही, यावरून मायदेशातल्या माझ्या वाचक मित्रांत सध्या जो वाद चालला आहे, त्याने मी खरोखर वैतागलो आहे. पाश्चात्त्य लेखक पूर्वेला लुटतात आणि म्हणून आपण तरी निर्भेळ स्वदेशी कल्पनाविश्व रचले पाहिजे, असा तिथला एकंदर सूर. निर्भेळ म्हणजे काय? ‘बाहुबली’तली माहिष्मती हे एका प्राचीन नगरीचे नाव आणि कालकेय हे महाभारतातल्या असुरांचे. त्या कालकेयांना काळेकुट्ट रंगवून, कोणालाही न कळणारी भाषा देऊन रानटी ठरवले गेले, तेव्हा ते कोणावरून बेतले आहेत, असे या मंडळींपैकी एकानेही विचारल्याचे मला आठवत नाही.

उसनवारीला माझी मुळीच हरकत नाही. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक टॉल्किन ऑक्सफर्डला अँग्लो-सॅक्सनचे, म्हणजे जुन्या इंग्रजीचे, प्राध्यापक होते. त्यांच्या रोहान या कल्पित राज्यातल्या घोडेस्वारांची नावे जुन्या इंग्रजीतून आलेली आहेत आणि ती भाषा त्यांच्या हाडीमांसी खिळलेली असल्यामुळेच ते स्वार जिवंत वाटतात. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चे लेखक जॉर्ज मार्टिन यांचे घोडेस्वार डोथ्राकी लोक मात्र हूण, मंगोल आणि अमेरिकेतल्या मैदानी जमाती एकत्र घोटून झाले आहेत. त्या घोटण्यात मंगोलांच्या टपालचौक्या आणि लेखनिक विरघळून गेले, आणि उरली ती घोडी आणि लूट.

याच मार्टिन यांनी १९८१ साली उत्तर इंग्लंडमधल्या हेड्रियनच्या रोमन भिंतीवर उभे राहून पलीकडच्या अंधारातून काय येईल याची कल्पना केली आणि त्यातून त्यांची सातशे फुटी बर्फाची भिंत जन्मली. मी हेड्रियनच्या त्या खऱ्या भिंतीजवळच राहतो. तिकडे जाणाऱ्या एडी १२२ बसने पाहुण्यांना नेले की ते हमखास विचारतात, “एवढीच?” ती पूर्ण उभी होती तेव्हाही पंधरा फुटांच्या आसपासच असावी. पण इ.स. १२२ मध्ये बांधायला घेतलेल्या या भिंतीवर पुढे सीरियातले तिरंदाज पहारा देत होते, आणि कादंबरीतल्या भिंतीवर जवळपास सगळे पहारेकरी त्याच खंडातले आहेत. काय घेतले यापेक्षा काय गाळले, हे विचारायला हवे होते.

साउथ शील्ड्सला १८७८ साली सापडलेली एक समाधिशिळा मी अनेकदा पाहिली आहे. सीरियातल्या पाल्मायरा नगराच्या बाराटेसने, रोमन काळात, तिसाव्या वर्षी वारलेल्या आपल्या ब्रिटिश पत्नीसाठी, रेजिनासाठी, ती उभारली. रेजिना वेताच्या खुर्चीत बसली आहे, मांडीवर चाती आहे, शेजारी लोकरीची टोपली आहे. चेहरा तेवढा फुटून गेला आहे. वरचा लॅटिन मजकूर व्याकरणात चुकलेला आहे. खालची एक ओळ मात्र त्याच्या स्वतःच्या लिपीत, सराईत हाताने कोरलेली: बाराटेसने मुक्त केलेली रेजिना, हाय!

आता कबूलच करतो. इथल्या वाचकगटात एकदा पगडीवाल्या गुलामविक्यांचे एक कल्पित पौर्वात्य नगर चर्चेला आले, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे वळून “हे खरे वाटते का?” असे विचारले. चिडायचे सोडून मी सुखावलो, आणि ज्या प्रदेशात कधी पाऊलही ठेवलेले नाही त्याबद्दल पंधरा मिनिटे अधिकारवाणीने बोललो. मायदेशातल्या मित्रांसमोर मी विलायतेचा जाणकार असतो आणि इथे अख्ख्या पूर्वेचा. दोन्हीकडचा मान मी निमूटपणे घेतो. मित्रांना द्यायचे हे उत्तर मराठीतच लिहीत बसलो आहे, आणि या रस्त्यावरच्या एकाही घरात ते कोणाला वाचता येणार नाही.